कुत्रीची गोळी कोण देतं

आमच्या कुत्रीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच नावाची एक मुलगी आमच्या गल्लीत आहे आणि तिच्या आईने त्यावरून वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं. कुत्रीचं नाव आधी ठेवलं, मुलगी नंतर झाली, हे मी त्या बाईंना समजावून सांगायला गेले आणि प्रकरण आणखी चिघळलं. तेव्हा इथे नुसती कुत्री.

ती मूळची माझ्या नवऱ्याच्या वर्कशॉपमधली. नागापूरला एमआयडीसीत त्याचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे लोखंडाच्या किसाच्या पोत्यांमागे त्याला ती सापडली, ओंजळीत मावेल एवढी. दोन दिवस ठेवू, असं म्हणून त्याने ती घरी आणली. त्याला आता सहा वर्षं झाली. तो मोबाईलवर तिचे फोटो टाकतो आणि खाली ‘माझी लेक’ असं लिहितो. लेकीला आंघोळ कोण घालतं, सोफ्यावरचे केस कोण वेचतं, हे फोटोत येत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिने पुढचा डावा पाय चाटायला सुरुवात केली. पहिले काही दिवस ते आम्हा दोघांनाही दिसत होतं, आणि दुसरा बघतोच आहे असं धरून दोघांनीही सोडून दिलं. मग तिथले केस गेले. मग कातडी लाल झाली. एके दिवशी मी शाळेतून आले तर घोट्याच्या वर रुपयाएवढी ओली जखम दिसत होती आणि कुत्री इतक्या एकाग्रतेने ती चाटत होती, की माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने फळ्याकडे तसं कधी पाहिलेलं नाही. मी पाथर्डी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी साडेसहाला घर सोडते, आधी एसटी, मग जीप. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो आणि उरलेल्या अर्ध्याला मी शिस्त लावते. शिस्त हा माझा आवडता विषय आहे, हे पुढे समजेलच.

डॉक्टर तरुण होते, मोजकं बोलणारे. त्यांनी जखम धुतली, भोवतालचे केस कापले आणि सांगितलं की ही ॲलर्जीची खाज आहे, चाटून चाटून तिची जखम झाली आहे. तोंड पायापर्यंत पोचू द्यायचं नाही, म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू. खाज थांबावी म्हणून स्टेरॉइडची गोळी, रोज सकाळी एक, खाणं झाल्यावर. काही दिवसांनी हळूहळू कमी करायची, एकदम बंद करायची नाही. या गोळीने तहान वाढेल, लघवी वाढेल, भूक वाढेल, थोडी धापही लागेल, घाबरू नका. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. नवरा त्या वेळी शंकू घातलेल्या लेकीचा फोटो काढत होता.

घरी आल्यावर ती दारातच थिजली. तिला वाटलं असावं, की जग एकदम अरुंद झालंय. तासभर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शिक्षा केलेल्या मुलासारखी. मग निघाली आणि प्रत्येक वस्तूला धडकत गेली. दाराची चौकट, पलंगाचा पाय, कुंड्या आणि माझ्या पोटऱ्या. माझ्या दोन्ही पायांवर मागच्या बाजूने निळे डाग उमटले. जिन्याची पायरी चढताना शंकूची कड पायरीला अडकायची आणि ती तिथेच थांबून आमच्याकडे बघायची. पाण्याच्या भांड्याला शंकू टेकायचा, जीभ पाण्याच्या चार बोटं वर राहायची. ती भांड्यासमोर उभी राहून पाण्याकडे नुसती पाहत होती.

आम्ही दोघांनी आपापल्या परीने मदत केली. नवरा तिच्याशेजारी फरशीवर बसून तिची माफी मागत होता. मी तक्ता केला. चार रंगांत. खाणं, गोळी, मलम, फिरणं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. तो मी फ्रिजवर चिकटवला. कुत्री अजूनही पाणी प्यायली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुणतांब्याहून माझ्या सासूबाई आल्या. गव्हाची पेरणी उरकली होती, आठ दिवस राहते म्हणाल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कुत्रीकडे पाहिलं आणि हिच्या मुंडक्यावर पाटी का ठेवली म्हणून विचारलं. मी ॲलर्जीपासून सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“म्हंजी मुसकं हाय. आमी मळणीला बैलाला घालायचो. त्यानं धान्य खाऊ नये म्हून. हिनं सोताला खाऊ नये म्हून.”

एवढं नेमकं डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी एक पातेलं उलटं ठेवलं आणि त्यावर पाण्याचं उभट भांडं ठेवलं, शंकूच्या आत मावेल एवढ्या तोंडाचं. कुत्री घटाघटा प्यायली. माझ्या एका जुन्या साडीचा काठ फाडून त्यांनी शंकूच्या कडेला शिवला, म्हणजे चौकटीला धडकली तरी खणकन आवाज होऊन ती दचकणार नाही, आणि माझ्या पोटऱ्याही वाचतील. गळ्याला कड घासत होती तिथे गोधडीचा तुकडा लावला. कुंड्या हलवल्या. सोफा भिंतीला सरकवायला नवऱ्याला लावलं. हे सगळं चहा होईपर्यंत. माझ्या तक्त्यात यातल्या कशाचाही रकाना नव्हता.

तीन-चार दिवस बरे गेले. जखम सुकू लागली, कडेने खपली धरली. मग एका संध्याकाळी मी घरात शिरले तेव्हा शंकू टीव्हीच्या शेजारी ठेवलेला होता, नवरा मॅच बघत होता आणि कुत्री त्याच्या मांडीला टेकून पाय चाटत होती. खपली गेली होती. सोफ्याच्या खोळीवर रक्ताचे ठिपके.

पाचच मिनिटं मोकळं केलं होतं, असं तो म्हणाला. काढला तेव्हा कितवी ओव्हर चालू होती, असं मी विचारलं. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. तिचे डोळे बघवत नव्हते, असं तो म्हणाला, आणि ते खरं असणार. पण मला त्या वेळी खरं-खोटं करायचं नव्हतं. मला जिंकायचं होतं. मी त्याचं प्रेम काढलं, फोटो काढले, सहा वर्षांतल्या आंघोळी मोजून दाखवल्या. शेवटी म्हटलं, “आजपासून तिचं औषधपाणी तुम्हीच बघा.”

“बघतो,” तो म्हणाला. “आणि हे घर आहे, तुझी शाळा नाही.”

मी फ्रिजवरचा तक्ता उपटला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. तिथून आमचा अबोला सुरू झाला.

आमच्या घरच्या अबोल्याला जुनी शिस्त आहे. जेवण वाढायचं, पण ताटाकडे बघून. निरोप असेल तर तिसऱ्या माणसाला ऐकवायचा. त्या दिवसांत सासूबाई तिसऱ्या होत्या. “आई, गॅसचा नंबर लावायचाय,” असं मी भिंतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. “आई, लावलाय,” असं तो बाथरूममधून म्हणायचा. सासूबाई सुपारी कातरत बसलेल्या असायच्या. त्या दोघांनाही उत्तर द्यायच्या नाहीत.

आता खरी गोष्ट. औषधाचं तुम्ही बघा, असं मी म्हटलं होतं. पण तो बघेल यावर माझा एका क्षणापुरताही विश्वास नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे निघण्याआधी मी तिला भाकरी घातली आणि तुपात बुडवलेल्या शेवटच्या तुकड्यात गोळी घालून दिली. एसटीत बसल्यावर पर्समधला तक्ता काढून खूण केली. मनात म्हटलं, हा विसरणारच होता. रोज असंच. गोळ्यांचं पाकीट मी डाळीच्या डब्यात लपवलं होतं. का, ते मला आज सांगता येणार नाही. बहुतेक त्याने शोधत बसावं म्हणून.

त्याने शोधलं, हे मला फार नंतर कळलं. सापडलं नाही. मला विचारलं असतं तर अबोला मोडला असता, म्हणून त्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाईलमधला फोटो मेडिकलवाल्याला दाखवला आणि नवीन पाकीट आणलं. रोज नऊ वाजता वर्कशॉपला जाताना तो तिला पेढ्यातून गोळी देऊ लागला. त्याच्या मनात होतं, की ही बाई रागाच्या भरात कुत्रीला उपाशी ठेवायलाही कमी करणार नाही.

कुत्रीने दोन्ही हातांचं खाल्लं. तिचा कोणाशी अबोला नव्हता.

आठवडाभरात तिचं काहीतरी भलतंच सुरू झालं. पातेल्यावरचं भांडं दिवसातून सात-आठ वेळा रिकामं व्हायचं. पाठोपाठ लघवी. सहा वर्षांत जिने घरात एक थेंब सांडला नव्हता, ती हॉलमध्ये, मोरीपाशी, माझ्या तपासायच्या वह्यांवर करू लागली. भूक तर अशी की मळलेली कणीक, नारळाची शेंडी, सासूबाईंच्या चपलेचा पट्टा. थंडीच्या दिवसांत तिची जीभ बाहेर आणि छाती धापेने हलत असायची. एका जागी बसेना. एकदा सासूबाई रिकामी ताटली उचलायला वाकल्या तर त्यांच्यावर गुरगुरली, आणि लगेच स्वतःच बिचकून मागे सरली.

मी वही उघडून बघितलं. तहान, लघवी, भूक, धाप. सगळं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. घाबरू नका, असंही माझ्याच अक्षरात होतं. म्हणून मी घाबरले नाही. लिहून घेतलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास.

अशात एका रविवारी सकाळी आमच्या कॉलनीचे अध्यक्ष आले. कॉलनीत अठ्ठावीस घरं आहेत आणि अध्यक्षांच्या चालण्यावरून वाटतं की अठ्ठावीस गावं असावीत. त्यांच्या फाटकासमोर कुत्री रोज दोनदा लघवी करते, ग्रुपवर फोटो टाकला तरी तुम्ही दखल घेतली नाही, अशी तक्रार होती. नवऱ्याने औषधाचं सांगितलं. अध्यक्षांनी त्यावर स्वतःचं औषध सांगितलं: चार दिवस बांधून ठेवा, एक वेळचं खाणं तोडा, दोन रट्टे द्या, जनावर सरळ होतं. त्यांच्या घरी कधी जनावर नव्हतं. दोन मुलं होती, दोन्ही आता परगावी असतात आणि सणालाही येत नाहीत.

सासूबाईंनी पोहे आणले. अध्यक्षांनी प्लेट मांडीवर ठेवली आणि कॉलनीच्या स्वच्छतेवर बोलू लागले. कुत्री कोपऱ्यातून उठली. आम्ही पाहत होतो, पण आमच्यात बोलणं नसल्यामुळे तिला धर असं कोणी कोणाला म्हणालं नाही. शंकूची खालची कड प्लेटखाली गेली, प्लेट उचलली गेली आणि सगळे पोहे घरंगळत थेट तिच्या तोंडापाशी जमा झाले. जखम वाचवायला दिलेल्या वस्तूचा हा उपयोग तिचा तिने शोधला होता. अध्यक्ष ताडकन उठले. ते दारापर्यंत पोचेतो तीही त्यांच्यामागे दारापर्यंत गेली, आणि तिथे तिला लघवी धरवली नाही. खाली चपला त्यांच्याच होत्या.

मला हसू फुटलं होतं. नवऱ्यालाही. आम्ही एकमेकांकडे बघणार एवढ्यात मी कुत्रीकडे पाहिलं. ती तिच्याच पाण्यात उभी होती, शेपटी पोटात घेऊन, अंग थरथरत. मग कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पहिल्या दिवशी शंकूने तिला तसं उभं केलं होतं. आज ती लाजेने उभी होती. पोह्यांतलं हिरव्या मिरचीचं देठ साडीच्या काठाला चिकटलं होतं. माझं हसणं गेलं. वहीत काहीही लिहिलेलं असो, हे एवढं नसणार, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

संध्याकाळी मी साखळी घेऊन दाराशी आले तर नवरा गाडीची किल्ली घेऊन दाराशीच उभा होता. काही न बोलता आम्ही तिघं निघालो. कुत्री मागच्या सीटवर, शंकू दोन्ही पुढच्या सीटच्या मधून पुढे काढून. त्यामुळे आम्हाला एकमेकांचं तोंडही दिसत नव्हतं, ही सोयच झाली.

डॉक्टरांनी वजन केलं, पोट दाबून पाहिलं, शी काळी होते का विचारलं. नाही, असं दोघंही म्हणालो. जखम मात्र छान भरत होती. मग त्यांनी विचारलं, गोळी कोण देतं.

“मी,” आम्ही दोघं म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कधी देता, असं विचारलं. मी पहाटे म्हटलं. नवरा नऊ वाजता म्हणाला. डाळीच्या डब्यातून काढून आणलेलं माझं पाकीट पर्समधून निघालं, त्याच्या शर्टाच्या खिशातून त्याचं. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी पडली. मी वर घडी घातलेला तक्ताही काढला, कारण माझी बाजू कागदावर होती. अकरा दिवसांच्या अकरा खुणा. डॉक्टरांनी तक्ता वाचला, शेऱ्याच्या रकान्यासकट.

“तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?” त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. ते खरंच विचारत होते, म्हणून जास्त लागलं. नवरा टेबलावरच्या कुत्रीची पाठ खाजवत राहिला. मी पंचवीस वर्षं मुलांना सांगत आलेय, की न कळल्यास विचारावं.

नशीब, की फार काही बिघडलं नव्हतं. रक्त तपासायला घेतलं, पोटाचं एक औषध दिलं. आता घाबरून गोळी एकदम बंद करू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. शरीराला सवय झालेली असते. आधी रोज एक, मग अर्धी, मग एक दिवसाआड अर्धी. हे त्यांनी एका कागदावर लिहिलं आणि कागद कोणाला द्यावा म्हणून आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. शेवटी म्हणाले, “घरात तिसरं कोणी आहे का?”

घरी येऊन आम्ही सासूबाईंना सगळं सांगितलं. मी सुरुवात करायची, नवऱ्याने पुरं करायचं, असं करत सांगितलं. अबोला त्यातच कुठेतरी संपला असावा, कळलं नाही. सासूबाईंना काहीच नवल वाटलं नाही.

“म्या रोज बघत हुते की,” त्या म्हणाल्या. “तू निघताना देतीस, त्यो नऊला देतो. मला वाटलं, दोन टायमाची आसंल.”

मग आम्हाला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“तुमी दोघं बोलत न्हवता. मी कशाला मधी बोलू?”

दोन्ही पाकिटं त्यांच्या चंचीत गेली, पान-सुपारीच्या शेजारी. त्यांना वाचता येत नाही. कागद त्यांनी माझ्याकडून एकदा आणि नवऱ्याकडून एकदा वाचून घेतला, आणि दोघांचं जुळतंय याची खात्री केल्यावरच मान हलवली. अर्ध्या गोळ्या त्यांनी अडकित्त्याने कापल्या, अगदी सारख्या, चुरा न होता. दिवसाआडचा हिशेब त्यांनी सोप्या रीतीने ठेवला: ज्या दिवशी त्यांचा उपास नसेल त्या दिवशी गोळी, आणि उपास त्यांनी त्यासाठी दिवसाआड केले. आठ दिवसांचं राहणं महिन्यावर गेलं. पुणतांब्याहून धाकट्या दिराचा फोन आला, की कधी येतेस. पेशंट हाय, येता येत न्हाई, असं त्यांनी सांगून टाकलं.

तहान आधी उतरली. मग एका सकाळी हॉल कोरडा राहिला, दुसऱ्या सकाळीही. धाप थांबली. भूक मात्र बरेच दिवस रेंगाळली, किंवा तिला पोह्यांची चव कळली होती. त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी शंकू काढला. पायावर नवे केस आले ते पांढरे, बाकी अंग तांबूस, त्यामुळे एका पायात मोजा घातल्यासारखी दिसते. शंकू गेल्यावरही कितीतरी दिवस ती दारातून जाताना थांबायची, अंग वळवायची आणि कोणाला तरी वाट द्यावी तशी चौकटीपासून लांबून जायची.

आम्ही नवरा-बायको शहाणे झालो, असं लिहायला मला आवडलं असतं. त्याने ‘लेक आता ठणठणीत’ असा फोटो टाकला, खाली अठ्ठावन्न लोकांनी हात जोडले. आजार कशाने वाढला, हे त्याने लिहिलं नाही, आणि मी त्याला ते विचारलं नाही, कारण शाळेत मीही ही हकिगत सांगितली होती. मधल्या सुट्टीत, रंगवून. माझ्या सांगण्यात मी पहाटे नियमाने गोळी देत होते आणि नवरा कोणाला न विचारता दुसरी देत होता. सगळ्या बाई हसल्या. पुरुषांना काही कळत नाही, असं ठरलं.

पंधरा दिवसांनी त्यातल्याच एक बाई मला जीपमध्ये भेटल्या. त्यांचे यजमान नागापूरला माझ्या नवऱ्याच्या वर्कशॉपशेजारी काम करतात. त्या म्हणाल्या, की त्यांनी ही हकिगत घरी सांगितली तर यजमानांना ती आधीच माहीत होती. फक्त त्यांच्या ऐकण्यात नवऱ्यावर औषधाची जबाबदारी टाकलेली होती, तो नऊ वाजता नियमाने गोळी देत होता आणि बायको पहाटे चोरून दुसरी देत होती. त्या बाईंचं आणि यजमानांचं यावरून जेवताना कडाक्याचं वाजलं. आता चार दिवस झाले, दोघं बोलत नाहीत.

त्यांच्या घरी मांजर आहे. तिला काही औषध चालू आहे का, एवढं मी विचारून घेतलं.